उजनीचा तळ हाताने चाचपताना : मार्कर फ्लोटच्या संचाचा अनुभव

उजनीच्या जलाशयात गळाने मासे धरणाऱ्याने एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी, ती म्हणजे या पाण्याचा तळ ही कोणाची तरी जुनी शेती आहे. १९८० साली धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठचे मळे, बांध, विहिरी, गाडीवाटा पाण्याखाली गेल्या. कटला वरच्या थरात खातो आणि रोहू मधल्या थरात, पण मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी चरतात, आणि जिथे तळाचा पोत बदलतो त्या कडेने त्यांची ये-जा जास्त असते. काठावर बसणाऱ्याला मात्र सगळीकडे एकसारखे पाणी दिसते. ती कड सापडावी म्हणून मी २०२३ च्या दिवाळीपूर्वी मार्कर फ्लोटचा, म्हणजे तळाचा पोत आणि खोली तपासायच्या तरंगत्या खुणेचा, संच घेतला. कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचा नसलेला हा संच हजार रुपयांच्या आत मिळाला. त्यात एक मोठा फ्लोट, सुमारे ८५ ग्रॅमचे शिसे आणि दोरी ओवण्याची एक कडी होती.

त्याची रचना साधी आहे. कडीतून गेलेल्या दोरीच्या टोकाला फ्लोट असतो आणि शिसे त्या कडीला टांगलेले असते. फेकल्यावर शिसे तळाला टेकते, मग दोरी ताणून घेतली की फ्लोट खाली शिशापाशी येतो. त्यानंतर रॉड पाण्याला समांतर धरून बाजूला सावकाश ओढायचा आणि शिशाचा तळावरून होणारा प्रवास बोटांना जाणवू द्यायचा. गाळात शिसे रुतते, आधी जड लागते आणि मग अचानक सुटते. मुरमावर टकटक असे बारीक धक्के सलग येतात, तर कठीण, सपाट मातीवर ते जवळजवळ आवाज न करता घसरते. पाणवनस्पती असली तर ओढ वाढत जाते आणि शेवटी झटक्याने सुटते. जागा पसंत पडली की रिळाचा ताण सैल करून एकेक फूट दोरी सोडायची. फ्लोट पृष्ठभागावर येईपर्यंत जितके फूट सुटले, जवळजवळ तितकी खोली. या कामाला वेणीची, म्हणजे बारीक धागे विणून केलेली (ब्रेडेड) दोरीच हवी, हे मी आग्रहाने सांगेन, कारण नायलॉनची दोरी ताणली जाते आणि तळाचा निम्मा निरोप वाटेतच हरवतो. अंतरासाठी काठावर दोन काड्या १२ फुटांवर रोवून दोरी त्यांच्याभोवती फिरवली आणि एका काडीपासून दुसरीपर्यंतचा प्रत्येक फेरा मोजला.

नोव्हेंबरमध्ये पळसदेवच्या बाजूच्या एका खडकावरून, समोरच्या काठावरील विजेच्या मनोऱ्याची दिशा धरून, मला १३ फेऱ्यांवर, म्हणजे साधारण साडेसत्तेचाळीस मीटरवर, सलग टकटक लागली. खोली ११ फूट होती आणि त्यापलीकडे लगेच गाळ होता. मी त्या कडेवर शेंगदाण्याची पेंड आणि भिजवलेला मका टाकत राहिलो. चार सकाळी मिळून तिथे सहा सायप्रिनस लागले. आजूबाजूच्या गाळात टाकलेला गळ मात्र बहुतेक वेळा चिलापीच्या पिलांनीच साफ केला.

या संचाची खरी परीक्षा त्यानंतरच्या उन्हाळ्यात झाली. २०२३ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरलेच नव्हते आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले, म्हणजे वापरायचा साठा संपून त्याखालच्या मृतसाठ्यातील पाणीही मोठ्या प्रमाणात उतरले. मे महिन्यात वही घेऊन मी त्याच खडकापासून मनोऱ्याच्या रोखाने चालत गेलो. वरून भेगाळलेला गाळ कोरडा दिसतो, पण पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत जातो, म्हणून काठीने चाचपतच जावे लागले. नोंदवलेल्या अंतरावर मुरमाची जुनी गाडीवाट होती, तिच्या कडेला लावलेले दगड अजून ओळीत होते, आणि वाट संपून गाळ सुरू होतो त्या हातभर पट्ट्यात शिंपल्यांचा आणि गोगलगायींच्या कवचांचा थर पडला होता. सायप्रिनस खाण्यासाठी तिथेच का थांबत होते, ते त्या थराकडे पाहून समजले. चिखलात बोटे खुपसून ती कवचे उचलताना मला जो आनंद झाला, तो मासा लागल्याच्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

मात्र माझे सगळेच अंदाज बरोबर निघाले नाहीत. ज्या उंचवट्याला मी बांध समजून बसलो होतो आणि जिथे माझे चार गळ तुटले, ती प्रत्यक्षात एका विहिरीची दगडी कड होती. शिशाला दोन्हींचा धक्का सारखाच लागतो. तिथे शेळ्या चारणाऱ्या एका आजोबांनी ही विहीर त्यांच्या भावकीची असल्याचे सांगितले आणि पुढच्या दोन विहिरींच्या जागाही हाताने दाखवल्या. त्या आता माझ्या वहीत लाल शाईने आहेत.

संचाचे दोष सांगायलाच हवेत. दोन महिन्यांत फ्लोटचा एक पंख गळून पडला आणि प्लास्टिकच्या कडीला तडा गेला. ती बदलून मी पितळी कडी लावली. दुपारनंतर उजनीवर वारा उठला की दोरीला पोट पडते आणि बोटांना काहीच कळत नाही, म्हणून हे काम सकाळी नऊच्या आत उरकावे. शिवाय शिशाच्या वारंवार फेकीने मासे बिचकतात, तेव्हा तळ तपासण्याचा दिवस आणि गळ टाकण्याचा दिवस वेगळा ठेवणे उत्तम.

मित्राकडे फोनवर चित्र दाखवणारा, फेकता येणारा सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली मोजणारे यंत्र, आहे. नव्या पाण्यावर तासाभरात खोलीचा आराखडा मिळवायचा असेल तर त्याला तोड नाही, आणि ज्याला परवडेल त्याने तो जरूर घ्यावा. पण मुरूम आणि गाळ यांच्यातली हातभर रुंदीची सीमा मला अजून तरी शिशानेच नेमकी दाखवली आहे. एकच साधन घ्यायचे असेल तर मी हा संच घ्यायला सांगेन, त्यासोबत चांगली वेणीची दोरी आणि एक जाड पुठ्ठ्याची वही. परवानगीची चौकशी आधी करावी, आणि धरण उणेमध्ये गेले की एक रविवार काढून आपण टाकलेल्या रेघांवरून चालून यावे.