टीट डिप कप आणि सीएमटी पॅडल: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

आमच्या गोठ्यात दगडीवरचा (कासेच्या सुजेच्या आजारावरचा) सगळा खर्च म्हणजे सडात सोडायच्या ट्यूबा आणि डॉक्टरांची व्हिजिट, म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला दोन वस्तू घेतल्या, एक धार काढल्यावर सड बुडवायचा कप आणि दुसरं चार खळग्यांचं सीएमटी पॅडल (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, म्हणजे दुधावरून दगडी ओळखायची चाचणी). गायी एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) जातीच्या, दोन म्हशी, धारा मशीनवर.

आधी पॅडलचं सांगतो कारण पैसे खरे त्यानंच वसूल केले. पहिल्या दोन-तीन पिळ्या सोडून द्यायच्या, मग चारी सडांचं दूध चार खळग्यांत, प्रत्येकी साधारण 2 मिली, तेवढंच जांभळं लिक्विड घालायचं आणि 10 सेकंद गोल फिरवायचं. दूध पातळच राहिलं तर सड ठीक, शेंबडासारखं घट्ट झालं तर त्या सडात पांढऱ्या पेशी वाढल्यात, म्हणजे आत जंतूंशी झगडा चाललाय. गंमत अशी की कास मऊ, दूध पांढरं, गाय मजेत रवंथ करतीय, आणि एक खळगा घट्ट! हीच सुप्त दगडी. डेअरीत एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) 8.5 च्या खाली गेला की आपण पेंडीवाल्याला शिव्या घालतो, पण अशा सडात दुधातली लॅक्टोज कमी होते आणि एसएनएफ तिथं पडतो, हे मला पॅडल हातात आल्यावरच नीट कळलं. फक्त ताज्या व्यालेल्या गाईवर लगेच टेस्ट करू नका, चिकात आणि आटत आलेल्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात, उगाच घाबरायला होतं.

आता डिप. धार झाल्यावर सडाचं तोंड अर्धा-एक तास तरी उघडं राहतं, तेवढ्यात गाय शेणात बसली की संपलं. म्हणून डिप झालं की लगेच पुढ्यात हिरवा चारा टाकायचा, ती उभीच राहते. कप नॉन-रिटर्नच घ्या, बाटली दाबली की औषध वर येतं आणि वापरलेलं परत बाटलीत जात नाही. साधा पेला घेतला तर एकीची घाण दुसरीला. औषध ग्लिसरीनवालं आयोडीन, थंडीत सड फुटत नाहीत. तक्रार एकच, म्हशीचा सड जाड, कप तोकडा पडतो, अर्धं औषध खाली सांडतं.

पण डिपनं सगळं थांबतं असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. हातातून, मशीनच्या कपातून एकीकडून दुसरीकडं जाणारा स्टॅफ नावाचा जंतू त्यानं बऱ्यापैकी अडतो, पण शेणातला ई. कोलाय जंतू दोन धारांच्या मधल्या वेळात सडात चढतो, तिथं गोठा कोरडा ठेवणं हाच मुख्य इलाज. भर पावसात आमच्याकडं एक गाय डिप चालू असतानाच तापानं फणफणली, कास दगड, दुधाच्या जागी पाणी. तिथं पॅडल-बिडल बाजूला ठेवून डॉक्टरच लागतात. कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम हा लेप एनडीडीबीवाले (राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ) सांगतात तो आम्ही लावतो, थोडी सूज असेल तर फरक पडतो, पण ताप असलेल्या गाईला नुसत्या लेपावर ठेवणं म्हणजे सड घालवणं.

वारंवार घट्ट येणाऱ्या सडाचं दूध ट्यूब सोडायच्या आधीच लॅबला पाठवा, कुठलं अँटिबायोटिक लागू पडतं ते कळतं, नाहीतर मेडिकलवाला देईल ती ट्यूब आणि आठवड्यानं परत तेच. आणि अशी गाय सगळ्यात शेवटी पिळायची. आटवताना (धार बंद करताना), म्हणजे व्यायच्या साधारण 60 दिवस आधी, चारी सडात लांब टिकणारी अँटिबायोटिकची ट्यूब सोडायची, जुनाट केस त्या काळात जास्त सुधारतात असं डॉक्टर म्हणाले आणि आमच्या एका गाईत तरी तसंच झालं.

म्हशीसाठी मोठ्या तोंडाचा कप कुणाकडं असेल तर कुठं मिळाला ते कळवा, बाकी पॅडल तुटलं तरी मी उद्या परत घेईन.