'एका दिवसात पक्के दात' : २,८८,५४० रुपयांना पडलेले तात्पुरते दात

'इतकी शिकलेली बाई जाहिरातीला भुललीच कशी' असे विचारणाऱ्यांनी आधी महिनाभर सैल कवळी लावून भाकरी खाऊन पाहावी. वरचे सगळे दात गेलेल्या माणसाला 'सकाळी या, संध्याकाळी पक्के दात घेऊन घरी जा' हे वाक्य ऐकवणाऱ्यांना आपण कोणाशी बोलत आहोत हे पुरते ठाऊक असते.

आमच्या नेहमीच्या दंतवैद्यांनी सांगितलेला मार्ग जुना होता. माझ्या वरच्या जबड्यात मागे हाड पातळ असल्यामुळे तिथे आधी हाड भरायचे, मग टायटॅनियमचे इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळासारखे स्क्रू, बसवायचे आणि ते हाडात रुजेपर्यंत सहा महिने थांबून मगच त्यांवर दात चढवायचे. खर्च ३,१०,००० रुपये. 'एका दिवसात पक्के दात' अशी जाहिरात करणाऱ्या क्लिनिकने तेच काम २,८५,००० रुपयांत आणि एका दिवसात करून देतो म्हटले. दर सांगायला डॉक्टर नव्हते, 'कोऑर्डिनेटर' म्हणवणारी एक मुलगी होती. 'काकू, आज बुकिंग केलंत तरच हा रेट' हे वाक्य ऐकले की पर्स बंद करून उठावे.

२५,००० रुपये मी यूपीआयने भरले, ६०,००० रोख घेतले गेले आणि त्यांची पावती 'शेवटी एकत्र देऊ' असे सांगण्यात आले, तर उरलेल्या २,००,००० रुपयांचे कर्ज तिथेच एका फायनान्स कंपनीकडून काढून दिले. 'बिनव्याजी' म्हणवणाऱ्या त्या कर्जाचे प्रक्रिया शुल्क ३,५४० रुपये होते.

मला सर्वांत जास्त जाळतो तो संमतिपत्राचा क्षण. भुलीचे इंजेक्शन देऊन झाल्यावर, खुर्चीवर आडवी असताना, माझ्या हातात कागद आणि पेन देण्यात आले. त्यात 'प्रोव्हिजनल अ‍ॅक्रिलिक ब्रिज', म्हणजे प्लास्टिकचे तात्पुरते दात, असे स्पष्ट छापलेले होते. बोलणे मात्र झिर्कोनिया या टणक सिरॅमिकच्या कायमच्या दातांचे झाले होते. मी बोट ठेवून विचारले, तेव्हा 'ती फक्त फॉर्मची भाषा असते हो काकू' असे उत्तर मिळाले. आयुष्यभर दुसऱ्यांची व्हाउचरे तपासलेल्या बाईने तिथेच उठायला हवे होते, हे आता घरातले सगळे ऐकवतात. ओठ बधिर झालेले आणि पैसे भरून झालेले असताना उठून दाखवणारा माणूस मला भेटायचा आहे.

त्याच दिवशी दात बसवण्याची पद्धत मुळात खोटी नाही, म्हणूनच ही फसवणूक खपते. चार इम्प्लांटवर पूर्ण जबडा उभा करण्याचे तंत्र पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी रूढ केले आणि निवडक रुग्णांत ते चांगले चालते. परंतु हाड कोणासाठी घाई करत नाही. संध्याकाळी मिळतात ते दात तात्पुरते असतात, पुढचे काही महिने मऊच खायचे असते आणि कायमचे दात हाड जुळल्यावरच येतात. शिवाय इम्प्लांट बसवतानाच साधारण ३५ न्यूटन-सेंटीमीटर (स्क्रू पिळण्याच्या जोराचे माप) इतका घट्ट बसला नाही, तर त्यावर त्या दिवशी दात चढवू नये, कारण तो हलत राहिला की भोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. हाडाची रुंदी साध्या सपाट एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यासाठी सीबीसीटी हा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. माझा तो काढलाच नाही. मधुमेह आहे हे मी स्वतःहून सांगितले, तरी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, तपासला नाही, 'गोळ्या चालू आहेत ना' एवढ्यावर भागवले.

तिसऱ्या महिन्यात दोन इम्प्लांट हलू लागले. क्लिनिकने 'तुमचे हाडच कमकुवत' म्हणत नव्या इम्प्लांटचे प्रत्येकी ४५,००० आणि कायमच्या दातांचे वेगळे ९६,००० रुपये मागितले. हाड कमकुवत होते, तर ते आधी कोणी पाहायचे होते?

पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी मामला आहे, आणि डॉक्टरांवर ग्राहक कायदा चालत नाही' असे ऐकवण्यात आले. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले आहे. दंतवैद्यांच्या नोंदणीचे काम पाहणाऱ्या कार्यालयाला शस्त्रक्रिया करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक हवा होता. तो डॉक्टर बाहेरून आलेला, त्याचे नाव एकाही कागदावर नाही आणि क्लिनिक ते सांगत नाही. मग ते शोधण्याचे अधिकार ज्यांना आहेत, त्यांनी ते माझ्याकडे मागावे हा कोणता न्याय? शपथपत्र द्या, प्रती वाढवा, साहेब रजेवर आहेत, अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला आहे, या उत्तरांपलीकडे तिथून काही आले नाही. फायनान्स कंपनीने तर 'उपचार आणि कर्ज वेगळे' म्हणून हात झटकले. १६,६६७ रुपयांचा हप्ता मात्र न चुकता कापला जातो.

बसवलेल्या प्रत्येक इम्प्लांटच्या वेष्टनावर कंपनी आणि लॉट क्रमांकाची चिकटपट्टी असते. ती त्याच दिवशी आपल्या फाइलवर लावून घ्या. मला ती मिळाली नाही, त्यामुळे माझ्या जबड्यात कोणत्या कंपनीचे काय आहे हे मला आजही सांगता येत नाही. रोख रक्कम पावतीशिवाय देऊ नका. संमतिपत्र आदल्या दिवशी घरी मागून घ्या आणि इंजेक्शनच्या आधी शस्त्रक्रिया कोण करणार त्याचे नाव लिहून घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. माझी तक्रार दाखल झाली आहे. रोख दिलेल्या ६०,००० रुपयांचा पुरावा म्हणून माझ्याकडे कोऑर्डिनेटरचा 'कॅश मिळाली, थँक यू काकू' एवढा एकच संदेश आहे आणि वकिलांनी पहिल्यांदा त्याचीच छापील प्रत मागितली.