सीपॅपचा मास्क, नऊ महिन्यांनंतर: पट्टे सैल केले तेव्हा झोप लागली

नोव्हेंबरात स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी झाली आणि रिपोर्टात आकडा आला ३४. म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३४ वेळा श्वास अडत होता किंवा अपुरा पडत होता. ३० च्या वर गेलं की हा आजार, स्लीप ॲप्निया, तीव्र धरतात. मी ५१ वर्षांची, नाशिकला शाळेत शिकवते, अंगानं बेताची. घोरण्याचा त्रास पुरुषांचा, असं आमच्या घरात सगळेच धरून चालले होते. पाचव्या तासाला फळ्यासमोर डोळे मिटायला लागायचे, तेही मी वयावर ढकलत होते. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा त्रास वाढतो, हे डॉक्टरांकडून पहिल्यांदा कळलं.

त्यावर मिळालं सीपॅप: झोपेत नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन. मशीनबद्दल फार लिहीत नाही. दाब डॉक्टरांनी ठरवून दिला, मशीन तो बिनचूक देतं. अडतं ते मास्कपाशी.

विक्रेत्याचा माणूस घरी आला. मला खुर्चीत ताठ बसवलं, मशीन बंदच, आणि पट्टे ओढून म्हणाला, “घट्टच ठेवा मॅडम, हवा गळायला नको.” पहिल्याच रात्री हवेचा झोत डोळ्यात. मी पट्टे आणखी आवळले, गळती आणखी वाढली. आठव्या दिवशी नाकाच्या हाडावरची कातडी सोलली आणि मी मास्क कपाटात ठेवून दिला. चार रात्रींनी हे म्हणाले, “काल पुन्हा तुझा श्वास थांबला होता. हलवून उठवलं मी. मला झोप येत नाही गं, तुझ्याकडेच बघत बसतो.” दुसऱ्या दिवशी मास्क पिशवीत घालून स्लीप लॅबमध्ये गेले.

तिथल्या ताईंनी पाऊण तास दिला. आधी कागदी मापाने नाक मोजलं. मला मीडियम दिला होता, हवा होता स्मॉल. तोंड-नाक झाकणाऱ्या मोठ्या मास्कचीही मला गरज नव्हती. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्यांना किंवा नाक कायम चोंदलेल्यांना तो लागतो. मला फक्त नाकाचा पुरला. मग त्यांनी घरच्यासारखं उशीवर आडवं केलं, मशीन चालू केलं, सगळे पट्टे सैल सोडले आणि मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा अलगद टेकवला. कुशनची, म्हणजे मास्कच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या सिलिकॉनच्या भागाची, आतली कड अगदी पातळ असते. तव्यावर फुलका फुगावा तशी ती हवेनं फुगते आणि त्वचेला धरून बसते. पट्टे आवळले की ती चेपते, तिला चुण्या पडतात आणि चुण्यांतूनच हवा निघते. त्यानंतर दोन्ही बाजूंचे पट्टे सारखेच, थोडे थोडे ओढले. पट्ट्याखाली बोट सहज जावं, इतकेच. शेवटी डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर वळायला लावलं. बसून लावलेला मास्क आडवं झाल्यावर हलतो, कारण गालांची ठेवण बदलते.

मास्कच्या पुढच्या बारीक भोकांतून सतत हवा येते. ती गळती समजून मी चिकटपट्टी लावणार होते. कृपा करून कोणी तसं करू नका. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. खरी गळती मशीन वेगळी मोजतं. माझं रेसमेड कंपनीचं आहे, त्यात मिनिटाला २४ लिटरपर्यंत चालतं. पहिल्या आठवड्यात माझा आकडा चाळिशीत असायचा, आता पाच-सहा. श्वास अडण्याचा आकडा दोनच्या आसपास. पाचव्या तासाला मी जागी असते.

आता लांब केसांच्या बायकांसाठी, कारण माहितीपत्रकात हे नसतं. अंबाडा घालून पट्टा बसत नाही, वर सरकतो. मी सैल वेणी घालून ती खालच्या पट्ट्याखालून मानेवर सोडते. तेल लावायचंच असेल तर सकाळी लावून न्हायचं, रात्री नाही. तेल आणि नाइट क्रीम, दोन्हींमुळे सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराब होतं. झोपण्याआधी साबणाने तोंड धुते आणि टिकली काढते.

रोज सकाळी कुशन सुटं करून कोमट पाण्यात बिनवासाच्या सौम्य साबणाने धुते. एकदा भांड्यांचा लिंबाचा साबण वापरला आणि रात्रभर नाकात लिंबू होतं. डेटॉल, स्पिरिट, उकळतं पाणी यांतलं काहीच नको. नळी आणि पट्टे आठवड्यातून एकदा. ओझोनने स्वच्छ करणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती दिसतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्येच त्यांबद्दल सावध केलं होतं, मी त्या वाटेला गेले नाही. पावसाळ्यात पट्टे दोन दिवस वाळत नाहीत आणि कुबट वास येतो, म्हणून दुसरा जोड घेतला. तो खर्च मला योग्य वाटतो.

वाळवायचं सावलीत. एकदा सासूबाईंनी मायेने मास्क धुऊन गच्चीत उन्हात टाकला. उन्हानं सिलिकॉन पिवळं पडून कडक होतं, म्हणून मी धावत वर गेले, तर त्या तो पदराखाली छातीशी धरून जिना उतरत होत्या. त्यांना पेसमेकर आहे आणि माझ्या मास्कच्या क्लिपांत लोहचुंबक होतं. असं चुंबक पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवायचं असतं, हे माहितीपत्रकात आहे आणि मी ते वाचूनही घरात कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांना काही झालं नाही, पण त्या दुपारी माझे हात कापत होते. त्याच आठवड्यात बिनचुंबकाचा मास्क आणला. घरात किंवा शेजारच्या अंथरुणात कोणाला पेसमेकर असेल तर घेतानाच विचारा.

मशीनच्या टाकीतलं पाणी तापवून ह्युमिडिफायर हवा ओलसर करतो. थंडीत ते पाणी नळीत साचून गुडगुडायचं, मध्येच नाकावर शिंतोडे. मशीन पलंगाच्या उंचीपेक्षा खाली ठेवलं आणि आईच्या जुन्या सुती लुगड्याची लांब खोळ शिवून नळीवर चढवली. थांबलं. टाकीत डिस्टिल्ड वॉटर, तेही औषधाच्या दुकानातलं. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी श्वासात घ्यायला नको. मच्छर कॉइल खोलीतून बंद, फिल्टर दर रविवारी बघते.

तक्रार एकच. सहा महिन्यांत कुशन लुळं पडलं. दुकानदार अख्खा मास्कच घ्या म्हणत होता. नुसतं कुशन मिळतं, मागायचं आणि डबीवरचं माप जुळवून घ्यायचं.

गणपतीला गावी जायचंय. तिथे रात्री लाइट जाते. पाणी तापवणाऱ्या ह्युमिडिफायरला सगळ्यात जास्त वीज लागते. तो बंद ठेवला की माझं मशीन छोट्या इन्व्हर्टरवर पहाटेपर्यंत चालतं. मे महिन्यात तिथेच करून पाहिलंय.