बी. आर. चोप्रांचं महाभारत परत बघितलं, आता घरात दोन पार्ट्या पडल्यात

आधी मार्क सांगते, मग भांडू. पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कापलाय तो युद्धाच्या एपिसोडसाठी, कारण हवेत बाणाला बाण धडकून विझतो हे किती वेळा बघणार माणूस, आणि तेच तेच हत्ती-घोडे परत परत पळताना दिसतात ते वेगळंच. बाकी सीरियल अजून खणखणीत आहे. एकूण 94 एपिसोड, एकेक साधारण पाऊण तासाचा, म्हणजे जवळजवळ 70 तासांचा मामला, तेव्हा वीकेंडला उडवून टाकू असला विचार असेल तर विसरा. आम्ही रात्रीची जेवणं झाली की लावायचो, आई, दादा, दादाची मुलगी आणि मी, आणि एपिसोड पाऊण तास तर त्यावरचं भांडण तास-दीड तास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही 2 ऑक्टोबर 1988 ला सुरू झाली आणि 24 जून 1990 ला संपली, रविवारी सकाळी दूरदर्शनवर. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये डीडी भारतीवर परत लागली होती पण तेव्हा कामं करता करता कानावर पडली तेवढीच, नीट बसून बघणं आत्ता झालं. आणि नीट बघितल्यावर जे डोक्यात बसलं ते असं, की ही चांगले विरुद्ध वाईट अशी गोष्ट नाहीच्चे. दुर्योधन वाईट आहे हे पहिल्यापासून उघड आहे, त्यात वादच नाही. खरं वाटोळं करतात ते दिलेला शब्द पाळणारे लोक. एकेकाने कुठेतरी प्रतिज्ञा करून ठेवलीय किंवा वचन देऊन ठेवलंय, आणि मग घर जळालं तरी चालेल पण माझा शब्द मोडायला नको. गंमत म्हणजे प्रत्येक प्रतिज्ञेला सीरियल शंख, विजा, जोरदार म्युझिक सगळं लावते आणि पुढचे पन्नास एपिसोड त्याच प्रतिज्ञेने किती नुकसान झालं ते दाखवत बसते!

भीष्म घ्या. मुकेश खन्ना काय दिसतो राव त्या पांढऱ्या दाढीत, आवाज असा की आपणच उठून नमस्कार करावा. बापाला लग्न करायचंय म्हणून पोरगा राज्यही सोडतो आणि आयुष्यभर ब्रह्मचारी राहीन म्हणतो, ठीक आहे, मोठेपणा आहे. पण पुढे? भावासाठी काशीच्या तीन मुली उचलून आणतो, त्यातली अंबा म्हणते माझं दुसऱ्यावर प्रेम आहे, तिला परत पाठवतो, तो शाल्व तिला घेत नाही, मग ती म्हणते आता तूच लग्न कर माझ्याशी, तर साहेब म्हणतात माझी प्रतिज्ञा आहे. अरे मग आणताना नाही आठवली? इरावती कर्व्यांनी युगान्त या पुस्तकात भीष्माची ही बाजू कधीच उलगडून ठेवलीय, या माणसाच्या त्यागाने नेमकं भलं कोणाचं झालं, आणि त्यात बायकांचे काय हाल झाले. ते वाचलेलं असलं तरी सीरियलमध्ये भीष्माला बघताना माणूस विरघळतो, कास्टिंगची ताकद म्हणायची ती हीच.

आणि मग द्यूताचा भाग. हा सगळ्या सीरियलचा कळस, यासाठी तरी बघाच. रूपा गांगुलीने जे काम केलंय त्याला तोड नाही. केस मोकळे, दुःशासन फरफटत आणतोय, आणि तरी ती रडत बसत नाही, कायद्याचा प्रश्न विचारते, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला? स्वतःच हरलेला माणूस मला पणाला लावतोच कसा? कॅमेरा एकेका चेहऱ्यावर जातो. भीष्म खाली बघतो. द्रोण खाली बघतो. धृतराष्ट्राला दिसत नाही पण ऐकू तर येतंय ना, तोही गप्प. सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेत. बोलतो कोण तर विदुर, आणि दुर्योधनाचा स्वतःचा भाऊ विकर्ण. माझी भाची चौदा वर्षांची आहे, ती म्हणाली, "आत्या, एवढे मोठे मोठे योद्धे आणि कुणी उठत का नाहीये?" आता काय सांगणार तिला, की भीष्माने सिंहासनाला वचन दिलंय म्हणून. भीष्म काय म्हणतो तर धर्म सूक्ष्म आहे. सूक्ष्म कसला डोंबलाचा!

युधिष्ठिराबद्दल मात्र सीरियल फार सांभाळून घेते असं माझं मत झालं. गजेंद्र चौहानचा चेहरा मुळातच असा शांत की त्याचा रागच येत नाही पटकन. पण हा माणूस राज्य घालवतो, भाऊ घालवतो, बायको पणाला लावतो, एवढं होऊन सगळं परत मिळाल्यावर पुन्हा बोलावणं आलं की पुन्हा खेळायला जातो! कारण काय तर ज्येष्ठांची आज्ञा आणि क्षत्रियाने आव्हान नाकारायचं नसतं. मग बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास. आमच्याकडे कुणी असं वागलं असतं तर नातेवाईकांनी त्याला धर्मराज नसतं म्हटलं, दुसरंच काहीतरी म्हटलं असतं.

आता खरी मारामारी, कर्ण. आमची आई कर्णाच्या पार्टीतली, कट्टर. तिच्या वयाच्या अर्ध्या महाराष्ट्राचं तेच आहे, कर्णावरची कादंबरी मृत्युंजय 1967 ला आली आणि तेव्हापासून कर्ण घराघरात आपला झाला तो झालाच, नंतर रणजित देसाईंचं राधेय आलं. आमच्याकडच्या मृत्युंजयला तर आता पुठ्ठाही उरला नाहीये. पंकज धीरने तो कर्ण असा केलाय की आईचं बळ दुप्पट झालं. रंगभूमीवर, म्हणजे राजपुत्र शस्त्रविद्या दाखवतात त्या मैदानात, कृपाचार्य कर्णाला कुळ विचारतात तो सीन बघा, काही बोलत नाही, नुसती मान खाली जाते, आणि तेवढ्यात दुर्योधन उठून त्याला अंगदेशाचा राजा करून टाकतो. आई म्हणते, "आयुष्यात एकाने तरी त्याला माणूस म्हटलं, तो कसा सोडेल त्याला?" मुद्दा बरोबर आहे. पण हाच कर्ण द्यूतसभेत द्रौपदीला वेश्या म्हणतो. हे सीरियलने लपवलेलं नाही, स्वच्छ दाखवलंय, आणि त्या क्षणी आई चक्क पाणी प्यायला उठली, मी बघत होते. अभिमन्यूला घेरणाऱ्यांतही तो होताच. भाचीचं म्हणणं, दुर्योधन चुकतोय हे कर्णाला कळत होतं ना, मग मित्र म्हणून कान धरायचा की त्याचा. आईला हे अजिबात पटलं नाही, "तुम्हाला काय कळतं उपकार म्हणजे काय" म्हणून तिने विषय संपवला. म्हणजे तेच, वचन. इंद्राने कवचकुंडलं मागितली, फसवणूक आहे हे माहीत असून दिली. कुंती येऊन मुलगा म्हणाली तर तिलाही वचन, तुझे पाच मुलगे राहतील. सगळ्यांना शब्द देत सुटलेला आहे आणि शेवटी स्वतःकडे काही उरत नाही. मला तो आवडतो, आईएवढाच आवडतो, पण देव्हाऱ्यात नाही ठेवणार.

दादाची पार्टी वेगळीच. तो म्हणतो सुरुवात द्रौपदीने केली, मयसभेत, म्हणजे पांडवांच्या त्या मायावी महालात, दुर्योधनाला "आंधळ्याचा मुलगा आंधळा" म्हणाली नसती तर काही झालंच नसतं. हे अर्ध्या देशाला ठाम माहीत असतं, आणि ते डोक्यात पक्कं बसवण्यात या सीरियलचा हात मोठा आहे, म्हणून माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 पासून 1966 पर्यंत खपून महाभारताची जी चिकित्सित आवृत्ती (जुनी हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता) केली त्यात द्रौपदीचं असलं वाक्यच नाहीये. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव. नंतर बापाकडे तक्रार करताना तो द्रौपदी आणि बाकीच्या बायकाही हसल्या असं सांगतो, पण टोमणा कुठेच नाही. म्हणजे बघा, पडला तो, हसले सगळे, आणि खापर फुटलं एकटीवर. दादाला हे सांगितलं तर म्हणे "पण शोभतं ना तिला ते वाक्य!" घ्या. (राही मासूम रझांचे बाकी डायलॉग मात्र अफाट आहेत. पिताश्री, माताश्री, भ्राताश्री आम्ही आता चहा मागतानासुद्धा म्हणतो.)

धृतराष्ट्रासाठी मात्र गिरिजा शंकरला वेगळा सलाम. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ही म्हण याच्यासाठीच केली असावी, फक्त हा बेटा कुत्र्याला स्वतः हाक मारून बोलावतो. संजयला, विदुराला सारखं विचारत राहतो, मनातून उत्तर ठरलेलं असतं, आणि दुर्योधनाचं नाव निघालं की चेहरा बदलतो. गूफी पेंटलचा शकुनी तर सगळ्यांनाच आवडतो, लंगडणं, एक डोळा बारीक करणं, हातात फासे खुळखुळवणं, त्याला काही वचन-बिचन नाही, म्हणूनच बहुतेक तो एकटा मजेत दिसतो.

दुसरा मजेत दिसणारा कृष्ण. नितीश भारद्वाज, आपला मराठी माणूस, शिक्षणाने जनावरांचा डॉक्टर, काय गोड हसतो. माझा जो मुद्दा आहे ना शब्द पाळण्याचा, त्याला उत्तर याच्याकडे आहे. युद्धात शस्त्र धरणार नाही म्हणून सांगितलेलं, पण अर्जुन भीष्मापुढे ढिला पडलेला बघितल्यावर हा रथातून उडी मारून स्वतःच भीष्मावर धावून जातो. स्वतःचा शब्द गेला खड्ड्यात. आणि भीष्म हात जोडून उभा! दोघांतला फरक त्या एका सीनमध्ये आहे, भीष्माला तो कळतो असं मुकेश खन्नाच्या डोळ्यांत दिसतं, पण तोवर फार उशीर झालेला.

आता व्यवहाराचं. ऑनलाइन सहज मिळते, पण आम्ही जिथे बघितली तिथे ऐन द्रौपदीच्या प्रश्नाच्या मध्ये ऑनलाइन रमीची ऍड आली. द्यूताच्या सीनला रमी! घरातले सगळे हसून हसून लोळले आणि एपिसोडचा पार विचका झाला, तेव्हा पैसे भरून बिनऍडचं बघा. चित्र जुनं आहे, मोठ्या टीव्हीवर मुकुट पत्र्याचे वाटतात, दोन-तीन एपिसोडमध्ये सवय होते. हरीश भिमानींच्या आवाजातलं "मैं समय हूँ" हे निवेदन पहिल्यांदा अंगावर काटा आणतं, नंतर फॉरवर्ड करावंसं वाटतं, पण करू नका, मधले दुवे तिथेच असतात. कृष्णाच्या बालपणाचे एपिसोड लहान मुलं असतील तरच बघा नाहीतर सरळ पुढे या. वेळ कमी असेल तर रंगभूमी, मयसभा, द्यूत, कृष्णाची शिष्टाई, कुंती-कर्ण भेट आणि भीष्म पडतो तो भाग एवढं तरी. आणि कर्णाच्या पार्टीतलं कुणी घरात असेल तर द्यूताच्या रात्री रिमोट स्वतःकडे ठेवा, आमच्या आईने वेश्या शब्दाच्या आधीच पुढे ढकलायचा प्रयत्न केला होता.