व्होल्गेवर प्रवास: 'मेत्योर' घ्यावी की केबिनची क्रूझ?

वेळेत फरक जमीन-अस्मानाचा. सोव्हिएत बनावटीची 'मेत्योर' ही वेगवान प्रवासी बोट पाण्याखालच्या पंखांवर उचलली जाते आणि ताशी 60-65 किमी धावते. कझानहून बोल्गार (दोन्ही व्होल्गेकाठी) साधारण दोन तासांत. क्रूझ ताशी वीस-पंचवीसच्या पुढे क्वचितच जाते. मॉस्कोच्या उत्तर नदी-स्थानकाहून (1937) निघालात, तर व्होल्गा गाठेपर्यंतच 6 जलपाश (पाण्याची पातळी बदलून बोट खाली उतरवणारे, दारं असलेले कक्ष) उतरावे लागतात, प्रत्येक ठिकाणी थांबण्याचा वेळ वेगळा धरा. पण दारं उघडताना डेकवर उभं राहावंच!

खर्च: मेत्योरला फक्त बसायच्या जागेचं तिकीट, क्रूझच्या भाड्यात केबिन आणि जेवणही.

आराम: मेत्योरचं इंजिन मधल्या आणि मागच्या कक्षाच्या मध्ये असतं, म्हणून मागे बसू नका, कान किटतात. पुढच्या काचांवर तुषार उडतात. मोकळी हवा इंजिनावरच्या छोट्या डेकवरच. लाटा वाढल्या की फेरी रद्द होते. क्रूझमध्ये सर्वांत खालच्या डेकची केबिन स्वस्त, पण तिथली गोल खिडकी उघडत नाही. धक्क्यावर बोटी एकमेकींना लागून उभ्या राहतात, तेव्हा वरच्या खिडकीतूनही शेजारची बोटच दिसते.

एका दिवसात एकच गाव पाहून परतायचं असेल तर मेत्योर. आठवडा हाताशी असेल, सोबत वडीलधारी मंडळी असतील, तर क्रूझच. केबिन मधल्या डेकवर घ्या.