राइझअपचा पॅड : एका निवेदनाच्या मसुद्यावरून

कर्नाटकातील निपाणी परिसरात घरी बसून बिड्या वळणाऱ्या महिलांच्या ओळखपत्रांविषयीचे निवेदन आम्ही आठ जणांनी राइझअपच्या पॅडवर, म्हणजे अनेकांनी मिळून लिहायच्या इंटरनेटवरील पानावर, तयार केले. हा अभिप्राय त्या तीन आठवड्यांच्या कामावरून लिहीत आहे.

राइझअप हा अमेरिकेतील सिएटल शहरात १९९९ च्या सुमारास सुरू झालेला तंत्रज्ञांचा गट आहे. सामाजिक न्यायासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांना ईमेल, व्हीपीएन (इंटरनेटवरील वावर खासगी ठेवणारी सोय), पॅड अशा सेवा तो देणग्यांच्या बळावर पुरवतो, जाहिराती घेत नाही, आणि कारभार गटातील मंडळीच मिळून पाहतात. ईमेलच्या खात्यासाठी आधीच्या सदस्याकडून निमंत्रणाचा कोड मिळवावा लागतो. पॅडला मात्र खातेच लागत नाही. पानाला नाव द्यायचे, दुवा सोबत्यांना पाठवायचा आणि लिहू लागायचे.

हा पॅड इथरपॅड या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो. एकाच पानावर सगळे एकाच वेळी लिहू शकतात, प्रत्येकाच्या मजकुराला वेगळा रंग येतो आणि मागे जाऊन कोणते वाक्य केव्हा बदलले तेही पाहता येते. या शेवटच्या सोयीचे मोल मला चौथ्या मागणीच्या वेळी कळले. ‘ओळखपत्रे तातडीने द्यावीत’ असे आमच्यातील एका वकिलांनी लिहिले होते. बिड्या वळणाऱ्या एका मावशींनी हरकत घेतली की ‘तातडीने’ या शब्दाला कचेरीत काही अर्थ नसतो, मुदत घाला. १९७६ च्या बिडी कामगार कल्याण निधीतून मुलांना शिष्यवृत्ती मिळायची तर आधी आईचे ओळखपत्र हवे, त्यामुळे या एका शब्दावर दोन दिवस चर्चा झाली, आणि शेवटी ‘तीस दिवसांच्या आत’ असे ठरले. प्रत्येक मागणीखाली जो तो आपले नाव आणि ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘दुरुस्ती हवी’ यांपैकी एक लिहीत असे. रविवारी संध्याकाळपर्यंत कोणाचाही ‘अमान्य’ उरला नाही तरच ती मागणी पुढे जाई.

एक अडचण मात्र आम्हाला उशिरा लक्षात आली. मावशी बोलत आणि त्यांची भाची टाइप करी, त्यामुळे मावशींचे सारे म्हणणे भाचीच्या रंगात उमटत होते. पॅडला बोट कोणाचे ते कळते, शब्द कोणाचे ते कळत नाही. मग भाचीने मावशींसाठी ब्राउझरची खासगी खिडकी उघडून त्यांच्या नावाने वेगळा रंग घेतला. दुसऱ्याच दिवशी मावशींनी पडद्यावर बोट ठेवून ‘हे माझं’ असे सांगितले, तेव्हा ही खटपट केल्याचे मला समाधान वाटले.

कचेरीत कन्नड प्रत द्यायची असल्याने चिक्कोडीच्या एका कन्नड भाषिक सहकाऱ्याने प्रत्येक मराठी मागणीखालीच तिचा कन्नड तर्जुमा लिहिला. दोन्ही लिप्या एका पानावर व्यवस्थित दिसतात. मराठीत मुदत घातली आणि कन्नडमध्ये राहून गेली, ही आमची चूक त्यामुळेच वेळेवर सापडली.

वापरणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साठ दिवस कोणी काही बदलले नाही तर पॅड आपोआप पुसला जातो. अधिक काळ ठेवायचा असल्यास सुरुवातीलाच त्यासाठी नेमून दिलेला शब्द पॅडच्या नावाच्या शेवटी जोडावा, म्हणजे ही मुदत एक वर्षाची होते. दुवा ज्याच्या हाती पडेल तो मजकूर वाचू आणि बदलू शकतो, म्हणून महिलांचे फोन क्रमांक किंवा ठेकेदारांची नावे आम्ही पॅडवर एकदाही लिहिली नाहीत. ती यादी वहीतच राहिली.

निवेदनाची पोच मिळाली त्या दिवशी पॅडवरचा मजकूर आम्ही उतरवून घेतला आणि राइझअपला देणगी पाठवण्याचा प्रस्ताव त्याच पानाच्या तळाशी लिहिला. त्याखाली आतापर्यंत सहा जणांचे ‘मान्य’ आले असून त्यात मावशींचेही आहे, त्यांच्या रंगात.