दंडाला पट्टा बांधून आठ महिने: घरच्या बीपी मशीनचा अनुभव

दवाखान्यात वरचं १४८ आणि खालचं ९२ आलं, तरी डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही. म्हणाले, "आठवडाभर घरी मोजा आणि वही घेऊन या." म्हणून हे दंडावर बांधायचं साधं डिजिटल मशीन घरात आलं.

पहिले चार दिवस मी स्वतःला नुसता ताप करून घेतला. आधी १३८, दोन मिनिटांनी १२९, मग १४४. मशीनच बिघडलंय असं ठरवूनही टाकलं. बिघडली होती माझी बैठक! पलंगावर मांडी घालून, पाठ अधांतरी, हात मांडीवर आणि तोंडाने गप्पा चालू. हात हृदयाच्या पातळीच्या खाली राहिला की आकडा चढतो. बोलल्याने चढतो, लघवी तुंबली असली तरी चढतो. आता पाठ टेकून, पावलं जमिनीवर, हात टेबलावर ठेवून आधी पाच मिनिटं गप्प बसते. चहा घेतला असेल तर अर्धा तास थांबते.

सोबत आलेला पट्टा नवऱ्याच्या दंडाला जेमतेम पुरायचा. आखूड पट्ट्यावर बीपी असतं त्याहून जास्त दिसतं, हे कळेपर्यंत बिचाऱ्याने महिनाभर अळणी खाल्लं. (मीठ कमीच बरं, हा भाग वेगळा.) मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागला.

आकड्यांचं म्हणाल तर १२०/८० च्या खाली उत्तम. उच्च रक्तदाब कुठून धरायचा यावर मात्र एकमत नाही. अमेरिकेतल्या २०१७ च्या नियमावलीत तो १३०/८० पासून, इतर बऱ्याच ठिकाणी दवाखान्यातल्या १४०/९० पासून. घरच्या मोजणीला तीच रेघ १३५/८५ वर येते, कारण घरी माणूस निवांत असतो. वरचा किंवा खालचा, एकच आकडा चढा असला तरी तो धरतात.

सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून, असं सात दिवस लिहिलं. पहिला दिवस सोडून सरासरी आली १२७/८१. म्हणजे माझं बीपी डॉक्टरांना बघून चढत होतं. गोळी टळली, पण लक्ष ठेवायला सांगितलंय.

एका रात्री सासूबाईंचं वरचं १८२ आलं. छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं यातलं काही असतं तर थेट हॉस्पिटल गाठलं असतं. तसं काही नव्हतं. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं, १५८. सकाळी डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलली.

तक्रारी आहेतच. पट्टा पहिल्यांदा करकचून आवळतो. स्क्रीनला उजेड नाही. दोघांची रीडिंग एकाच यादीत मिसळतात, म्हणून वही सुटत नाही. दवाखान्यातल्या मशीनशी ताडून पाहिलं तेव्हा दोन-तीनचाच फरक निघाला, म्हणून ठेवलंय.

हल्ली रोज मोजत नाही. महिन्यातला एक आठवडा, बाकी दिवस बॅटरी काढून मशीन कपाटात.